दयाळासाठी विकतची घरटी: भोक मोजा, मग पैसे द्या

२० मार्चच्या चिमणी दिनाच्या आगेमागे रोपवाटिकांपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत सगळीकडे लाकडी घरटी टांगलेली दिसतात. खोक्यावर चिमणी, दयाळ, बुलबुल, साळुंकी, पोपट अशी सगळी मंडळी एका फांदीवर बसवलेली असतात. यातला बुलबुल पेटीत कधीच जात नाही. तो झुडपात काड्यांची उघडी वाटी विणतो. त्याचं चित्र छापलेलं दिसलं की विकणाऱ्याला पक्ष्यांची किती माहिती आहे याचा अंदाज येतो. बाकीचे चौघे पोकळीत घरटं करतात हे खरं, पण त्यांच्या अंगाची मापं इतकी वेगळी आहेत की चौघांना एकच पेटी म्हणजे सगळ्या घरादाराला एकच चप्पल.

ही परीक्षा फक्त दयाळाच्या बाजूने केलेली आहे. बाजारात सर्रास मिळणारे पाच प्रकार तपासले: प्लायवूडची चिमणी पेटी, जाड लाकडाची मोठी पेटी, मातीचं मडकं, काथ्याचं विणलेलं घरटं आणि पीव्हीसी पाईपचं घरटं. निकाल आधीच सांगतो. जाड लाकडाची पेटी घ्या. प्लायची स्वस्त पेटी दुरुस्त करून वापरता येते. मडकं जागा बघून. शेवटचे दोन घेऊच नका.

आता असं का, ते समजायला पक्षी नीट माहीत हवा.

दयाळ शेपटीसकट साधारण १९ सेंटिमीटर लांब असतो. नर काळा-पांढरा: पाठ, डोकं, छाती निळसर झाक असलेली काळी, पोट पांढरं, पंखावर पांढरा पट्टा. नराचं जिथे काळं तिथे मादीचं राखाडी. शेपूट दोघांचीही उभी, सतत वरखाली. पानझडी जंगल, आमराई, बांबूची बेटं, गावकुसाबाहेरचे मळे आणि शहरातल्या जुन्या बागा ही त्याची वस्ती. बांगलादेशाने त्याला राष्ट्रीय पक्षी केलंय, तिथे त्याला दोयेल म्हणतात. हिवाळ्यात तो जवळजवळ गप्प असतो, फार तर चर्र् असा कडक आवाज किंवा एखादी रडवेली शीळ. सावर आणि पांगारा फुलू लागले की तो त्या फुलांवर मधासाठी आणि किड्यांसाठी येतो, आणि त्याच सुमारास नराचा गळा मोकळा होतो. उजाडायच्या आधीपासून उंच शेंड्यावर, ॲन्टेनावर, पाण्याच्या टाकीवर बसून तो गातो, आणि मध्येच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकलाही करतो.

खरेदीच्या दृष्टीने त्याच्या चार सवयी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, तो घरटं पोकळीत करतो पण पोकळी स्वतः कोरत नाही. तांबट पक्ष्याने कोरून सोडलेली ढोली, फांदी कुजून पडलेला खळगा, जुन्या भिंतीत परांचीच्या वाशांसाठी ठेवलेली आणि नंतर बुजवायची राहिलेली भोकं, मोडका पाईप, असलं काहीही त्याला चालतं. मात्र गवताच्या काड्या, मुळ्या, केस, तंतू असं सामान तो स्वतः आणतो. बांधकाम बहुतेक मादीचंच. दुसरी, मादी ४ ते ५ अंडी घालते, रोज एक. अंडी फिकट निळसर-हिरवी, त्यावर तपकिरी ठिपके. ती एकटी सुमारे १२–१३ दिवस उबवते, आणि पिल्लं अंदाजे १५ दिवसांनी बाहेर पडतात. म्हणजे पहिल्या अंड्यापासून सगळी पिल्लं उडेपर्यंत महिनाभर पेटीला हात लावायचा नाही. तिसरी, नर हद्दीच्या बाबतीत कमालीचा भांडकुदळ असतो, काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावरही चाल करून जातो. चौथी, त्याचं पोट जमिनीवर भरतं. पालापाचोळ्यात टुणटुण उड्या मारत तो किडे टिपतो, कधी एखादी गोमही उचलतो, आणि अगदी अंधार पडेपर्यंत हा उद्योग चालतो.

आता पेट्यांकडे.

बाजारात सगळ्यात जास्त खपणारी चिमणी पेटी ६ किंवा ९ मिलिमीटर प्लायची असते. भोक ३२ मिलिमीटरच्या आसपास. चिमणीला ते बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दयाळ त्यातून आत जात नाही, आणि जाहिरातीत दयाळाचं चित्र छापल्याने भोक मोठं होत नाही. त्याला ४५ ते ५० मिलिमीटर लागतं. ५० मिलिमीटरमधून साळुंकीही जाते, ही खरी अडचण. साळुंकी अंगाने दयाळापेक्षा बरीच मोठी आणि दांडगट, तीही पोकळीच शोधत असते. ४५ वर थांबलं तर तिला अवघड होतं, दयाळाला होत नाही. म्हणून जिथे साळुंक्या जास्त, त्या शहरी वस्तीत ४५ घ्या. आमराईत, रानाच्या कडेला ५० चालेल.

भोकाच्या व्यासाइतकंच महत्त्वाचं, पण एकाही विक्रेत्याच्या पानावर न दिसणारं माप म्हणजे भोकाच्या खालच्या कडेपासून तळापर्यंतची खोली. स्वस्त पेट्यांत भोक बरोबर मध्यावर पाडलेलं असतं आणि खोली जेमतेम ६–७ सेंटिमीटर भरते. त्यात दयाळाने गवताची गादी घातली की उरतात ३–४. अशा पेटीत कावळ्याची चोच आणि मांजराचा पंजा सरळ पिल्लांपर्यंत पोचतो. भारद्वाज तर या कामात तरबेज आहे. खोली १३ ते १५ सेंटिमीटर हवी. तळ आतून १३ बाय १३, मागची उंची २५. तळ १० बाय १० असेल तर पाच पिल्लं शेवटच्या आठवड्यात एकमेकांवर चढून बसतात, आणि खालचं पिल्लू उपाशी राहतं.

प्लायची दुसरी गोष्ट पावसाळ्याची. पत्र्याच्या छपराखाली, गॅलरीत टांगलेली पेटी तीन-चार वर्षं टिकते. उघड्यावर कोकणातल्या एका पावसातच तिचे थर सुटतात. प्लायच्या पाठीवर भारतीय मानकाचा (आयएस) शिक्का शोधा. आयएस ३०३ असेल आणि पुढे एमआर लिहिलेलं असेल तर ते घरातल्या कपाटाचं प्लाय, बाहेरचं नाही. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, ते पाण्याला दाद देत नाही, पण त्या भावात पेटी कुणी विकत नाही. शिक्काच नसेल तर पहिला प्रकार समजून चाला. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या पेट्याही येतात, गुळगुळीत, लेसरने कापलेल्या, वर पानं-फुलं कोरलेल्या. बैठकीत टांगायला छान. पाऊस लागला की बिस्किटासारख्या फुगतात.

जाड लाकडाची पेटी याच्या दुप्पट-तिप्पट किमतीला मिळते आणि तेवढी किंमत तिला आहे. भिंत १८ ते २० मिलिमीटर असेल तर एप्रिल-मेच्या दुपारी आतलं तापमान बाहेरच्या मागे राहतं. विदर्भ-मराठवाड्यात हा फरक पिल्लांच्या जिवावरचा आहे. लाकूड सागाचं असेल तर उत्तम, शिवणही चांगलं. आंब्याचं लाकूड स्वस्त आणि हलकं, पण दोन वर्षांत भुंगेरे पोखरतात आणि तळाशी पिठासारखा भुसा साठतो. बऱ्याच पेट्या परदेशी मालाच्या खोक्यांतून निघालेल्या पाइनच्या फळ्यांच्या असतात. त्यात वाईट काही नाही, फक्त फळीवरचा डागलेला शिक्का वाचा. त्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असतं आणि बाजूला दोन अक्षरं. एचटी असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, घ्यायला हरकत नाही. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते परत ठेवा.

चांगल्या पेटीतही दोन गोष्टी हमखास चुकलेल्या सापडतात. एक, भोकाखाली रोवलेली बसायची काठी. पक्ष्यांना ती लागत नाही. दयाळ कडेला पाय टेकून सरळ आत शिरतो. काठीचा उपयोग कावळ्याला आणि खारीला होतो, आरामात बसून आत डोकवायला. ती उपटा आणि तिचं भोक भुसा-फेविकॉलने बुजवा. दुसरं, आतून रंधा मारून गुळगुळीत केलेली समोरची फळी. विकत घेणाऱ्याला ती सुबक वाटते, पण उडायच्या दिवशी पिल्लांना त्याच फळीवरून चढून भोकापर्यंत यायचं असतं. नखं रोवायला काही नसेल तर ती तळातच धडपडत राहतात. भोकाच्या आतल्या बाजूला पटाशीने दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर आडव्या खाचा मारा, तीन-चार मिलिमीटर खोल. पाच मिनिटांचं काम आहे.

काही महागड्या पेट्यांना बाजूला पारदर्शक ॲक्रिलिकची खिडकी असते, मुलांना आतलं दिसावं म्हणून. दयाळ पोकळी निवडतो ती अंधारासाठी. शिवाय बाहेरच्या बाजूने हीच खिडकी आरसा होते, आणि नर त्या आरशातल्या ‘दुसऱ्या नरा’शी दिवसभर झुंजत बसतो. गाड्यांच्या आरशांवर चोची मारणारा दयाळ पाहिला असेल तर वेगळं सांगायला नको. तीन-चार भोकांची चाळ पेटीही त्याच्यासाठी वाया. चिमण्या शेजार चालवून घेतात. दयाळाच्या एका जोडीच्या हद्दीत दुसऱ्या जोडीला थारा नाही, त्यामुळे घराभोवतालच्या बागेला एकच पेटी पुरते.

मडक्याबद्दल लोकांना फार प्रेम आहे, आणि अगदीच चुकीचं नाही. माती थंड राहते. पण दोरीला टांगलेलं मडकं वाऱ्यावर झोके घेतं, आतली भिंत चिकणी असते, साफ करायला उघडता येत नाही आणि तळाला भोक नसेल तर पहिल्या वळिवातच त्यात पाणी साचतं. टांगायचं नाहीच. भिंतीत किंवा दगडी कुंपणात आडवं बसवून, तोंड बाहेर ठेवून, पुढे किंचित उतार देऊन लिंपलं तर ते परांचीच्या भोकासारखं होतं आणि दयाळ ते स्वीकारू शकतो. तोंड मोठं असेल तर लाकडी चकती बसवून त्यात ४५ मिलिमीटरचं भोक ठेवावं.

काथ्याचं विणलेलं घरटं पिंजऱ्यातल्या फिंचसाठी बनवलेलं असतं. बाहेर ते भिजतं, कुजतं, आणि सुटलेल्या तंतूंत पिल्लांचे पाय अडकतात. पीव्हीसी पाईप उन्हात तापतो, रात्री आतून घामेजतो. दोन्ही बाद.

घरट्याबरोबर कापसाची किंवा काथ्याची पुडी फुकट देण्याची एक पद्धत आहे. आत काही भरू नका. आधीच भरलेली पोकळी पक्ष्याला दुसऱ्या कुणाची वाटते, आणि कापूस भिजला की वाळत नाही. बागेत सुकलेलं गवत आणि नारळाच्या मुळ्या असू द्या, मादी हवं ते उचलेल.

प्लायची पेटी आधीच घरात पडून असेल तर ती दयाळाजोगी करता येते, फक्त तळ निदान १२ बाय १२ हवा. समोरची फळी काढून घ्या. ड्रिलला ४५ मिलिमीटरचा होल सॉ (गोल भोक कापणारी दातेरी वाटी) लावून नवं भोक शक्य तितकं वर पाडा, वरच्या कडेपासून ४ सेंटिमीटरवर. जुन्या भोकावरूनच मोठं करायला गेलात तर होल सॉच्या मधल्या बिटाला टेकायला लाकूड मिळत नाही आणि तो घसरून फळी फाडतो. आधी जुन्या भोकावर आतून फळीचा तुकडा स्क्रूने ठोका. नवीन भोकाची कड कानशीने गोल करा, प्लायच्या कुसळांनी पिसं तुटतात. तळाच्या चारही कोपऱ्यांत ६ मिलिमीटरची भोकं पाडा, पाणी जायला. छपराखाली दोन्ही बाजूंना तेवढीच दोन-दोन, हवेला. छप्पर पुढे ५ सेंटिमीटर तरी यायला हवं आणि मागून पुढे उतरतं. बाहेरून अळशीच्या तेलाचे दोन हात द्या आणि दोन आठवडे वाळू द्या. आतून रंग, तेल, वॉर्निश काही नको. खिळ्यांऐवजी गंज न धरणारे स्क्रू वापरा, एक बाजू बिजागरीवर ठेवा म्हणजे साफसफाई जमेल. खारींचा त्रास असेल तर भोकाभोवती पत्र्याची चकती बसवा, नाहीतर त्या दातांनी भोक कुरतडून आठवड्यात साळुंकीची सोय करून देतात.

टांगायची वेळ बहुतेकांची चुकते, आणि यात बाजाराचाच दोष आहे. पेट्या खपतात २० मार्चला. दयाळाची वीण मार्च ते जुलै अशी चालते, आणि जोडी जागा त्याआधीच हेरून ठेवते. पेटी संक्रांतीच्या सुमारास लागली पाहिजे. मार्चअखेर घेतलीत तर ती बाहेर टांगून ठेवा, पण त्याच वर्षी कुणी येईल असं धरून चालू नका. नवं लाकूड ऊन-दव खाऊन जुनाट दिसू लागलं की त्याला भाव येतो.

उंची अडीच ते चार मीटर. गच्चीच्या कठड्यापासून, खिडकीच्या छज्जापासून आणि मांजर उडी मारेल अशा प्रत्येक गोष्टीपासून दोन मीटर लांब. कोकणात आणि घाटमाथ्यावर पाऊस नैऋत्येकडून मारतो, तेव्हा तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला. देशावर आणि विदर्भात पावसापेक्षा पश्चिमेचं ऊन घातक, तिथेही पूर्वच बरी, वर सावली हवी. पेटी किंचित पुढे झुकलेली असावी, मागे झुकलेल्या पेटीत पाणी शिरतं. झाडाला खिळा ठोकू नका. शहरात झाडांना खिळे मारण्यावर महापालिका कारवाईही करतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची रुंद पट्टी घेऊन बांधा आणि दरवर्षी ती सैल करा, तारेने साल कापली जाते. ओंबील लागलेला आंबा टाळा. या लाल मुंग्या आंधळ्या पिल्लांना सोडत नाहीत. सातेरी मधमाश्यांनी पेटी बळकावली तर त्यांना राहू द्या आणि दयाळासाठी दुसरी पेटी बघा.

पेटीत कुणी राहतंय की नाही हे झाकण उघडून बघायचं नसतं. लांबून पंधरा मिनिटं बसलं तरी कळतं: मादी चोचीत गवत घेऊन शिरते ते बांधकाम, रिकाम्या चोचीने शिरून बराच वेळ बाहेर येत नाही ते उबवणं, दोघंही अळ्या घेऊन फेऱ्या मारतात ती पिल्लं. भरलेली पेटी हलवणं किंवा अंडी काढणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे, पेटी तुमच्या पैशाची असली तरी.

पिल्लं उडाल्यावर दोन आठवडे थांबा. मग नाकाला फडकं बांधून जुनं गवत काढा, त्याला एक खास वास येतो, तो असणारच. उकळतं पाणी ओता, पूर्ण दिवस उन्हात उघडी ठेवा. कीटकनाशक मारू नका. पावसाळ्यानंतर स्क्रू, बिजागरी आणि छपराची फट तपासून पेटी परत तिथेच लावा. दयाळाच्या सोयीची जागा सापडली असेल तर ती बदलण्यात अर्थ नाही.

एक शंका ग्राहकांकडून वारंवार येते: पेटी बरोबर, जागा बरोबर, तरी दोन वर्षं रिकामी. अशा वेळी पेटीखालची जमीन बघावी. अंगणात पेव्हर ब्लॉक, कुंड्यांवर दर पंधरवड्याला फवारणी आणि पाचोळा रोज झाडून जाळलेला असेल तर तिथे पाच पिल्लांना पुरतील एवढे किडे कुठून येणार? कोपऱ्यात दोन-तीन चौरस मीटर पाचोळा तसाच पडू द्या आणि शेजारी ३–४ सेंटिमीटर खोल पसरट थाळीत पाणी ठेवा. नवी पेटी घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. आणि बागेत एखादं वठलेलं झाड धोक्याचं नसेल तर ते तोडू नका. तांबट त्यात ढोली कोरेल, तीच पुढे दयाळाच्या कामी येईल.

शामासाठी म्हणून हीच पेटी कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. शामा दयाळाचा जवळचा नातेवाईक, पण तो सह्याद्रीतल्या दाट, ओलसर रानातला, बांबूच्या आडोशाचा पक्षी आहे. सोसायटीच्या बागेत तो यायचा नाही. चिरकही लहान भोकात घरटं करतो, पण तो बांध, दरडी, दगडी गडग्यांतली खालची जागा बघतो, टांगलेल्या पेटीचं त्याला कौतुक नाही.

दुकानात जाताना खिशात फूटपट्टी ठेवा. भोक ४५–५० मिलिमीटर, भोकापासून तळ १३ सेंटिमीटरच्या वर, तळ १३ बाय १३, फळी १८ मिलिमीटर, तळाला निचरा, एक बाजू उघडणारी. यातलं भोक आणि निचरा घरी करता येतो. तळ आणि फळीची जाडी वाढवता येत नाही, म्हणून तिथे कमी भरलं तर घासाघीस न करता पुढच्या दुकानात जा. आणि दुकानदाराने काठीवर बसलेल्या बुलबुलाचं चित्र दाखवलं, तर तिथल्या पक्ष्यांविषयीच्या बाकीच्या सल्ल्याकडे कानाडोळा करून फक्त लाकडाचा भाव विचारा.